जादा गुण कशाचे द्यायचे?

पंचवटी, नाशिक

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या आईने मध्येच पापडांचा विषय काढला आणि आपलं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसलो. चित्रकलेला जादा गुण ठेवायचे आणि त्याचे नियम चित्रकलेची बाई म्हणून तू करायचे, असं शाळेने ठरवलं हे चांगलंच झालं. पण तू वाचून दाखवलेली यादी मला पटली नाही. प्रदर्शनाला सामान आणलं तर तीन, बाहेरच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं तर पाच, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवला तर पाच!

सामानाचे गुण आधी काढून टाक. ज्याच्या घरी ऐपत आहे तो ॲक्रिलिकचा अख्खा सेट घेऊन येईल. ज्याच्याकडे बोटभर पेन्सिल उरलीय त्याने काय आणायचं? बक्षिसांतही बहुतेक क्लास लावलेलीच मुलं पुढे असतात. आणि पडदा रंगवणं हे शाळेचं काम. त्याबद्दल पोरांना वडापाव खाऊ घाल, गुण कशाला?

जादा गुण द्यायचे तर जादा बघण्याचे दे. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की मी वर्गाला सांगायचो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलंय ते घरच्या मोठ्यांना घेऊन लांबूनच बघून या. फोटो काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात बसून आठवेल तसं चित्र काढायचं. एकदा एका मुलाने मारुती इतका बेढब काढला की बाकीची पोरं हसायला लागली. पण पाणी बघावं तर वरच्या अंगाला मूर्तीवर आपटून फेसाळलेलं, आणि खालच्या अंगाला भोवरा धरून फिरणारं. ते त्याने उभं राहून, नीट बघितलं होतं. त्याला पुरे गुण दिले. शेजारच्याचा मारुती कॅलेंडरातल्यासारखा सुबक होता, पण पाणी चारी बाजूंनी सारखं, पट्टीने आखल्यासारखं. त्याला जादा काही दिलं नाही. त्याचे वडील शाळेत आले होते, तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट, तेच चित्र पुन्हा काढणाऱ्याला गुण दे. स्थिरचित्रात तांब्या ठेवला की मुलं तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र सरळ रेघेने कापतात. चूक नुसती लाल पेनने दाखवून भागत नाही. तांब्या पुन्हा समोर ठेवायचा, डोळ्याच्या रेषेखाली बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसतं हे त्याचं त्याला सापडू द्यायचं आणि मग नव्याने काढायला लावायचं. यासाठी एक तास राखून ठेव. घरून काढून आणलेलं चित्र जादा गुणांसाठी धरू नकोस. खोडरबर न लागलेली सराईत रेघ कुठल्या काकांची असते ते तुलाही कळेल लवकरच.

वही अपुरी असेल तर ती पुरी करायला मुदत दे. जादा गुणांचं ठिगळ लावू नकोस. आणि जादा गुण एकूण दहा ठेवलेस तर ते फार होतात गं. दहावीच्या निकालात इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण मिळतात. त्यासाठी मूल स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती एवढं सगळं करून परीक्षेला बसतं. त्या मानाने तुझ्या एका तासाच्या कामाला ३ पुष्कळ झाले.

नियम जूनमध्येच फळ्याशेजारी लावून टाक. सहामाही तोंडावर आल्यावर सांगितलंस तर गुण कमी पडलेली मुलंच तेवढी धावत येतील. पहिलं आणि दुसरं चित्र एकत्र टाचून, मागे तारीख घालून, वर्ष संपेपर्यंत कपाटात ठेव. पालक तावातावाने आले की जास्त बोलू नकोस, दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेव.

आईने पापड कुरिअरने पाठवलेत.

तुझा,
बाबा