काच अडली म्हणजे मोटरच गेली असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची ओळख नेमाने येते. जुनी गाडी सांभाळणाऱ्यांसाठीही तिथे एक कोपरा असावा, म्हणून हे पत्र.

ऐन पावसात माझ्या गाडीच्या चालकाकडच्या दाराची काच अर्ध्यावर थांबली. गॅरेजमध्ये बटण दोनदा दाबून पाहिले गेले आणि निकाल मिळाला, "मोटर गेली. रेग्युलेटरसकट सगळी असेंब्ली बदला." रेग्युलेटर म्हणजे काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा. दाराचे पॅनेल उघडलेसुद्धा नव्हते. मी तीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत मुलींना विद्युत परिपथ जोडायला शिकवले. न तपासता केलेले निदान मला पटेना. उघड्या काचेवर प्लॅस्टिक चिकटवून गाडी घरी आणली.

घरी एक गोष्ट लक्षात आली. दार उघडे असताना बटण दाबले की काच कधीकधी सरकायची. दार लावले की काही नाही. मोटर जळाली असती तर दाराच्या उघडझापीने तिला काय फरक पडला असता? दार आणि ते बिजागरीने जिथे जोडलेले असते तो गाडीचा खांब यांच्यामधून तारा एका रबरी नळीतून जातात आणि दार हलले की दरवेळी वाकतात. नळी सरकवून एकेक तार हलकेच ओढली. एक तार रबरासारखी ताणली गेली. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले! बॅटरीची ऋण तार सोडवून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा जोडला. जोड मात्र वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घेतले. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि वाकत राहिली तर तिथेच पुन्हा तुटते. दारात पिवळ्या आवरणाच्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या समजाव्यात आणि त्यांना हात लावू नये.

प्रत्येक बिघाड तारेचाच असतो असे नाही. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तेव्हा रेग्युलेटरची केबल किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा तुटलेला असतो. आवाज नाही, पण बटण दाबताच गाडीच्या आतला दिवा किंचित मंदावतो, तेव्हा वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे. काच किंवा मोटर कुठेतरी अडकली आहे. दिवाही मंदावत नसेल तर आधी फ्यूज, मग बटण, मग तारा पाहाव्यात. पाच मिनिटांची ही तपासणी गॅरेजमध्ये का होऊ नये?

पॅनेल काढलेच तर त्यामागचा प्लॅस्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवावा. काचेवरून दारात उतरणारे पाणी त्याच्यामुळेच गाडीच्या आत येत नाही. बॅटरी सोडवल्यावर काही गाड्यांत बोट अडकले तर काच थांबवणारी सोय बंद पडते. तसे झाल्यास काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. घरात लहान मुले असतील तर हे मुळीच विसरू नये.

गाडीबरोबर मिळालेल्या जाडजूड पुस्तिकेत दाराच्या तारांचा आराखडा मला कुठेच सापडला नाही. तो एका पानात मावेल. निर्मात्यांनी तो छापावा, आणि प्लॅस्टिकचा तुकडा तुटला तर तेवढाच सुटा विकावा. आपण आपल्या पानावरून ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका