कर्णाश्मांचा ‘आकार’ सांगताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माशांचे वय कसे ओळखतात याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. सहसा कोणी हात न लावणारा हा विषय निवडल्याबद्दल मनापासून आभार. मात्र ‘कानातल्या हाडाच्या आकारावरून मासा कोणत्या समुद्रातला ते कळते’ हे त्यातले विधान आहे तसे सोडून दिले, तर वाचकांचा गैरसमज होईल.

कर्णाश्म, म्हणजेच ऑटोलिथ, हे खरे तर हाड नव्हेच. प्रथिनांच्या जाळीवर कॅल्शियम कार्बोनेट साचत जाऊन बनलेले हे खडे आहेत आणि बहुतेक अस्थिमत्स्यांत त्यांच्या तीन जोड्या असतात. हाडातले क्षार शरीर गरजेप्रमाणे परत शोषून घेते. कर्णाश्मावर एकदा बसलेला थर सहसा तसाच राहतो, आणि म्हणूनच त्याची नोंद विश्वासार्ह ठरते. योहानेस रायबिश यांनी १८९९ मध्ये प्लेस या चपट्या माशाच्या कर्णाश्मांतील वार्षिक वलये मोजली, तर जॉर्जो पानेला यांनी १९७१ मध्ये रोजच्या रोज पडणारे सूक्ष्म थर दाखवून दिले.

अडचण ‘आकार’ या शब्दापाशी आहे. मराठीत तो आपण लांबी-रुंदीसाठीही वापरतो आणि घडणीसाठीही, आणि लेखात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. कर्णाश्माच्या बाबतीत हा भेद जपावाच लागतो, कारण मासा वाढतो तसे खड्याचे आकारमान वाढतेच, पण त्याची घडणही बदलते: पिल्लाचा गोलसर, गुळगुळीत खडा अनेक जातींत पुढे लांबट होतो, त्याच्या कडेला खाचा पडतात आणि माशाची लांबी जवळजवळ थांबल्यावरही तो जाड होत राहतो. त्यामुळेच एकाच लांबीच्या दोन माशांपैकी जो सावकाश वाढला, त्याचा कर्णाश्म बहुधा अधिक मोठा भरतो.

याचा अर्थ असा की, एका ठिकाणचे लहान आणि दुसऱ्या ठिकाणचे मोठे मासे घेऊन त्यांचे कर्णाश्म शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक दोन समूहांतला नसून केवळ वाढीचा असू शकतो. म्हणून अभ्यासक सारख्या लांबीचे मासे निवडतात किंवा लांबीचा प्रभाव गणिताने वजा करतात, आणि मगच कडेच्या रेषेचे फूरिये पद्धतीने, म्हणजे ती रेषा लहान-मोठ्या लहरींत विभागणाऱ्या गणिती पद्धतीने, विश्लेषण करतात. चपट्या माशांत तर डावा आणि उजवा खडाही सारखा नसतो.

एवढी काळजी घेतल्यावर जो फरक उरतो, तो मात्र मोलाचा असतो. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ राहणारा कॉड आणि बॅरेन्ट्स समुद्रातून अंडी घालण्यासाठी तिथे येणारा कॉड हे जाळ्यात एकत्र सापडतात. गुनार रोलेफसेन यांनी १९३३ मध्ये कर्णाश्मातील आतल्या वलयांच्या घडणीवरून ते वेगळे ओळखण्याची रीत मांडली. माशांच्या या दोन समूहांची, म्हणजे साठ्यांची, गणना एकत्र केली, तर लहान साठा संपत आला तरी आकड्यांत ते दिसत नाही. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

तरीही घडणीतला फरक म्हणजे आनुवंशिक फरक, असे लगेच म्हणता येत नाही. पाण्याचे तापमान आणि अन्नाची मुबलकता यांचाही खड्याच्या घडणीवर परिणाम होतो. दोन समूह आयुष्याचा बराच काळ वेगळ्या परिस्थितीत वाढले, एवढेच कर्णाश्म खात्रीने सांगतो; वंशाचा निवाडा करायला जनुकीय तपासणीच लागते.

लेखासोबतच्या छायाचित्रात दोन कर्णाश्म शेजारी दाखवले आहेत, पण ते किती लांबीच्या माशांचे, किती वयाचे आणि कोणत्या बाजूचे, याचा उल्लेख नाही. ही माहिती पुढील अंकात दिल्यास त्या दोहोंतला फरक कशाचा आहे, हे वाचकांना स्वतः पडताळता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक