गोंदाची बाटली आणि बोटीवरचं ग्रंथालय

फुजैरा (यूएई) बंदराबाहेर, नांगरावर
रविवार, सकाळ

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप मिळाला. वाचनालय डिजिटल करायचं म्हणून कमिटी मागे लागलीय आणि कुणीतरी म्हणालं, "तुझा तो बोटीवरचा मित्र, त्यांची म्हणे सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर असतात, त्याला विचार." विचारलंस ते बरं केलंस. फोनवर सांगण्यासारखं नाही, नेट सारखं तुटतं. चार ते आठची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, आटोपली, पोटात दोन अंडी आणि जळका टोस्ट गेलाय, तर लिहितोच.

आधी आमच्या ग्रंथालयाचा मामला समजून घे. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाचव्या प्रकरणात २७वा नियम आहे: प्रवासाला लागणारे नकाशे आणि पुस्तकं बोटीवर पुरेशी हवीत, आणि अद्ययावत हवीत. खरी मेख 'अद्ययावत'मध्ये. तुझ्याकडे पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं, शिक्का बसला, की सुटलास. आमचं काम तिथून सुरू होतं. किनाऱ्यांची वर्णनं देणारी पायलट बुकं, जगातल्या दिव्यांच्या याद्या, रेडिओ सिग्नलचे खंड, भरती-ओहोटीची कोष्टकं, वर आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे नियमग्रंथ. धोकादायक मालाचा आयएमडीजी कोड तर दर दोन वर्षांनी बदलतो.

मी कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, होतो तेव्हा नकाशे-पुस्तकांतल्या दुरुस्त्यांच्या ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या साप्ताहिक सूचना एजंट बंदरात आणून द्यायचा, लांबची सफर असली तर पाच-सहा आठवड्यांचा गठ्ठा एकदम. मग मी, कात्री आणि गोंदाची बाटली. त्या अंकाचा पाचवा भाग दिव्यांचा. त्यातल्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि लाइट लिस्टमध्ये जुन्या नोंदीवर नेमक्या बसवायच्या. सहाव्या भागातल्या रेडिओच्या खंडांत. चौथा भाग पायलट बुकांचा, तो मात्र चिकटवायचा नाही, फाइलला लावायचा. म्हणजे पुस्तक वाचलं की फाइलही बघायची, जी कुणीही बघत नसे. दमट हवेत पट्ट्या सुटायच्या, नाहीतर दोन पानं एकमेकांना चिकटून बसायची, आणि वर्षाअखेर पुस्तक भाकरीसारखं फुगायचं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना एकदा डुलत्या बोटीवर या कामाला बसवावं.

एकदा पट्ट्या लावताना रत्नागिरीचं पान उघडलं. आपल्या भगवती किल्ल्यावरचा दिवा! लहानपणी आपण त्याचे झोत मोजायचो, तो तिथे एका ओळीत होता: क्रमांक, अक्षांश-रेखांश, उघडझाप किती सेकंदांची, समुद्रापासून उंची किती मीटर, किती सागरी मैलांवरून दिसतो, मनोरा कसा. बस. किनारा समुद्रावरून असाच दिसतो रे, आठवणी वजा करून.

आता तीच दुरुस्ती एका छोट्या फाइलमधून ईमेलने येते. बटण दाबलं की आठवड्याचं काम काही मिनिटांत उरकतं आणि पडद्यावर हिरवी खूण येते. तपासनीस चढला की खूण दाखवायची, तो खूश. माझी तक्रार त्या हिरव्या खुणेबद्दलच आहे. ती पुस्तक दुरुस्त झाल्याची खूण. कुणी वाचल्याची नव्हे.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट. कॅडेटला सांगितलं, पुढच्या बंदराच्या पायलटची, म्हणजे बोट आत नेणाऱ्या वाटाड्याची, माहिती काढ. पोरगा हुशार, रेडिओच्या सहाव्या खंडात 'पायलट' शब्द शोधला, अर्ध्या मिनिटात रेडिओवर बोलायचा व्हीएचएफ चॅनल आणि पायलट चढायची जागा कागदावर लिहून हजर. म्हटलं, आगाऊ सूचना किती तास आधी द्यायची? गप्प. ती त्याच बंदराच्या नोंदीत, थोडी वर होती. पण शोधाने त्याला थेट ओळीवर नेऊन सोडलं होतं, आणि वर सरकवून बघायला बोट उचललं नव्हतं. पान उलटत शोधलं असतं तर ती डोळ्याखालून गेली असती.

दुसरा अनुभव मागच्या बोटीवरचा. ब्रिजवरचा, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतला, कॉम्प्युटर शुक्रवारी संध्याकाळी मेला. पुस्तकांचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला, नवी चावी पुरवठादाराकडून यायची आणि त्याचं ऑफिस सोमवारी उघडणार. दुसऱ्या यंत्रावर प्रत होती म्हणून निभावलं, पण ते दोन दिवस आमची पुस्तकं नक्की कुणाची, हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. पैसे भरले आम्ही, कुलूप त्याचं. म्हणूनच इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्स आणि शोध-बचावाचं आयमसार, ही संकटात लागणारी दोन पुस्तकं आजही कागदावरच ठेवायची असतात. वीज गेल्यावर पासवर्ड कुठे टाकत बसणार?

सगळंच कुलपात नाही हं. बाउडिच, १८०२ पासून निघत आलेला नौकानयनाचा अमेरिकन ग्रंथ, त्यांचं सरकार फुकट उतरवून घेऊ देतं. मी तो स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवलाय. आपल्याकडे हे काम नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचं, आणि ते आहे डेहराडूनला. समुद्राची पुस्तकं डोंगरात! पण खलाशांसाठीच्या भारतीय सूचना तिथूनच दर पंधरवड्याला निघतात.

तर कमिटीला सांग: स्कॅन करणाऱ्याला ठेका देण्याआधी अनुक्रमणिका आणि सूची कोण करणार ते ठरवा. नुसते पानांचे फोटो म्हणजे कपाटाचा फोटो. फाइली साध्या स्वरूपात तुमच्याच डिस्कवर हव्यात, एक प्रत वाचनालयाबाहेर. आणि ठेकेदार दरवर्षी चावी विकणारा असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

जुन्या दाखल नोंदवह्या मात्र रद्दीत घालू नकोस. गणपतीच्या आधी सुटतोय असं दिसतंय, आलो की दोघं बसून बघू. आईकडे एक फेरी मार. गुडघा बरा आहे म्हणते, पण तिच्या सांगण्यावर जाऊ नकोस, जिना चढताना बघ.

खालून कॅडेट आवाज देतोय, इंधन देणारी बंकर बार्ज आली वाटतं.

तुझा,
राजा