खेळाडूला शाल नको, फाईल द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ नुसार राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य असतील आणि त्यांत किमान ४ महिला व किमान २ नामवंत खेळाडू लागतील. कायदा राष्ट्रीय संघटनांचा असला तरी हे वारे आज ना उद्या जिल्ह्यात येणारच. नाशिक जिल्ह्याने कविता राऊत, दत्तू भोकनळ यांच्यासारखे ऑलिंपिकपटू दिले, त्यामुळे इथे खेळाडूंची वानवा नाही. पण एरवी खेळाडू निवृत्त झाला की शाल, श्रीफळ आणि व्यासपीठावरची कडेची खुर्ची, एवढ्यावर त्याची बोळवण होते. संघटनेची फाईल त्याच्या हाती कोणी देत नाही.

या संदर्भात रग्बीतले बिल ब्युमाँट यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लँकेशायरच्या या खेळाडूने १९७५ ते १९८२ या काळात इंग्लंडकडून ३४ कसोटी सामने खेळले, त्यांतल्या २१ सामन्यांत तो कर्णधार होता. जागा लॉकची, म्हणजे दुसऱ्या रांगेतली. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, पुढच्या रांगेतल्या प्रॉप आणि हूकर यांच्या कमरांमध्ये डोके खुपसून मागचा जोर पुढे पोचवायचा. कान सोलवटू नयेत म्हणून लॉक डोक्याभोवती चिकटपट्टी गुंडाळतात, यावरून काय ते समजावे. १९८० मध्ये त्यांच्या संघाने पाच देशांच्या स्पर्धेतले चारही सामने जिंकले. इंग्लंडला हे २३ वर्षांनी जमले होते. शेवटची कसोटी १९८२ ची, स्कॉटलंडविरुद्ध कलकत्ता चषकासाठी, ९-९ अशी बरोबरीत सुटलेली. (हा चषक बंद पडलेल्या कलकत्त्याच्या रग्बी क्लबाने खात्यातले चांदीचे रुपये वितळवून घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आणि झाकणावर हत्ती आहे.) १९८२ मध्येच डोक्याला मार बसला आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी तिशीच्या आतच खेळ सोडला.

आंतरराष्ट्रीय मंडळावर इंग्लंडचे प्रतिनिधी म्हणून ते गेले १९९९ मध्ये, म्हणजे खेळ सोडल्यावर १७ वर्षांनी. २०१२ मध्ये इंग्लंडच्या संघटनेचे अध्यक्ष, २०१६ ते २०२४ जागतिक रग्बी संघटनेचे अध्यक्ष. नाव मोठे होते म्हणून एकदम वरची खुर्ची मिळाली, असे झालेले नाही.

२०२० ची निवडणूक तर आपल्याकडच्या प्रत्येक माजी खेळाडूने अभ्यासावी. समोर होते अर्जेंटिनाचे ऑगस्टिन पिचोट. तेही माजी कर्णधार, २००७ च्या विश्वचषकात संघाला तिसरा क्रमांक मिळवून दिलेले. लहान देशांना अधिक वाव मिळावा, हा त्यांचा मुद्दा. ब्युमाँट २८-२३ ने जिंकले. बड्या संघटनांना प्रत्येकी ३ मते होती, लहान देशांपैकी बऱ्याच जणांचा आवाज खंडाच्या संघटनेच्या २ मतांतूनच पोचत होता. मैदानावरचे कर्तृत्व दोघांकडे होते. निकाल बऱ्याच अंशी संघटनेच्या घटनेतल्या मतवाटपाच्या कलमाने ठरवला. आमच्या मते पिचोट यांचा मुद्दा अधिक रास्त होता, पण संघटनेची घटना बदलल्याशिवाय रास्त मुद्दाही हरतो.

आता जिल्ह्याकडे येऊ. संघटनेची निवडणूक झाली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नव्या कार्यकारिणीची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करावा लागतो. त्याला सभेची सूचना, ती पाठवल्याचा पुरावा, सह्यांसह हजेरी, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रे जोडावी लागतात. घोडे पेंड खाते ते दुसऱ्या कागदापाशी. सूचना व्हॉट्सॲपवर टाकलेली असते, घटनेत मात्र टपालाने आणि ठरावीक दिवस आधी असे लिहिलेले असते. विरोधी गट हरकत घेतो, अर्ज लोंबकळतो, नोंदवहीत जुनीच नावे राहतात. मग एकाच खेळाच्या दोन संघटना, दोन निवड चाचण्या, आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळायला गेलेला मुलगा अधांतरी. माजी खेळाडूला थेट अध्यक्ष करू नका. दोन वर्षे सहसचिव करा, इतिवृत्त त्याच्याकडून लिहून घ्या, लेखापरीक्षणाला त्याला बसवा.

खेळलेला माणूस आत असल्याचा फायदा मात्र दुसरीकडे दिसतो. डोक्याच्या दुखापतीने मैदान सोडलेल्या ब्युमाँट यांच्याच अध्यक्षपदाच्या कारकिर्दीत हौशी रग्बीत टॅकल (प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणे) छातीच्या हाडाखाली आणण्याचे प्रयोग सुरू झाले आणि वरच्या पातळीवर धक्का मोजणारे दंतरक्षक आले. उशीर झाला, हेही नोंदवले पाहिजे. मेंदूच्या विकारांनी ग्रासलेले माजी खेळाडू तोवर कोर्टात गेले होते.

आपल्या शालेय कबड्डीत आणि फुटबॉलमध्ये डोके आपटलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून, 'काही होत नाही' म्हणत त्याला परत उतरवतात. मेंदूला धक्का बसलेला मुलगा बहुतेक वेळा बेशुद्ध पडत नाही, म्हणूनच फसायला होते. तो तोच प्रश्न पुन्हा विचारतो, गुण किती झाले ते सांगू शकत नाही, चालताना झोक जातो. असे एक जरी लक्षण दिसले तरी त्या दिवशी खेळ बंद. पहिले २४ तास त्याला एकटे सोडायचे नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर थेट रुग्णालय. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, हलके धावणे. अंगाला अंग भिडणारा सराव सलग १४ दिवस कोणताही त्रास नसेल तरच, आणि सामना २१ दिवसांच्या आत नाही. जिल्हा संघटनांनी दुखापतीची तारीख लिहायला प्रवेशिकेवर एक रकाना वाढवावा आणि तो तपासायचे काम माजी खेळाडूकडे द्यावे. छपाईचा खर्च शालीपेक्षा कमी येईल.

आपले,
काही क्रीडाशिक्षक व पंच, नाशिक