पंचनामा, गोष्ट आणि ओवी

प्रतापनगर, नागपूर
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पोळ्याच्या सुटीत काटोलला आले होते, तेव्हा ओसरीवर बसून मी प्रथम वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासत होते आणि बाबा, तुम्ही त्यातली एक वही उचलून बराच वेळ वाचलीत. 'कथेचे घटक लिहा' या प्रश्नाखाली मुलाने कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, भाषा असे पाच शब्द एकाखाली एक मांडले होते. चष्मा काढून तुम्ही विचारलेत, "तलाठी म्हणून मी जन्मभर पंचनामे लिहिले. त्यातही घटना असते, माणसे असतात, जागा असते, पाऊसपाणी असते, भांडण तर असतेच. मग ते साहित्य का नाही?" तेवढ्यात आईने पाने वाढल्याचे सांगितले आणि विषय तिथेच राहिला. तान्हा पोळा झाला, मी नागपूरला परत आले, पण त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. वर्गात साहित्यप्रकारांची ओळख करून देताना गेले तीन आठवडे मी मनातल्या मनात तुम्हालाच उत्तर देते आहे. फोनवर ते तुटक झाले असते, म्हणून हे पत्र.

उत्तर शोधताना मला मी सातवीत असतानाची गारपीट आठवली. मार्च महिना होता, मृग बहाराची संत्री तोडणीला आली होती आणि एका दुपारी अर्ध्या तासात बागा झोडपून निघाल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही पंचनाम्यांना गेलात. तुमच्या पंचनाम्यांची भाषा मला पाठ आहे, कारण त्यांच्या नकला काढायला तुम्ही मला बसवत होतात: आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की, सदर गटातील संत्रा झाडांची पाहणी केली असता फळे गळून जमिनीवर पडलेली दिसली. त्यापुढे क्षेत्र, झाडांची संख्या, नुकसानीचा अंदाज आणि खाली पंचांच्या सह्या किंवा अंगठे.

त्याच रात्री जेवताना तुम्ही आम्हाला वेगळेच सांगितलेत. एका बागेत सह्या झाल्या, मंडळी निघाली आणि तुम्ही मागे वळून पाहिले, तर म्हातारा शेतकरी खाली बसून फुटलेली संत्री एकेक उचलत होता, धोतराच्या सोग्याने पुसत होता आणि मोठी एकीकडे, लहान एकीकडे अशी ओळीने लावत होता. त्या फळांना आता कोणताही व्यापारी हात लावणार नव्हता, हे त्याला तुमच्याइतकेच ठाऊक होते. तुम्ही जवळ गेलात तेव्हा वर न पाहता त्याने विचारले, "साहेब, यातली कोणती लिहिली?" एवढे सांगून तुम्ही थांबलात आणि भाताचा घास हातात तसाच राहिला. आई, तू काही बोलली नाहीस; पण चार दिवसांनी मागच्या पडवीत जात्यावर तुरीची डाळ भरडताना तू जे गुणगुणत होतीस, ते मी दाराआडून ऐकले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.

गारा पडल्या बाई, सोनं सांडलं मातीत
म्हातारा वेचितो गं, फळ धरून छातीत

म्हणजे घटना एकच आणि तिची रूपे तीन: पंचनामा, गोष्ट आणि ओवी. मी वर्गात शिकवते ते सगळे या तिघांमधल्या अंतरात आहे, असे मला आता वाटते.

बाबा, आधी तुमच्या पंचनाम्याचा मान. आपल्याकडे 'वाङ्मय' आणि 'साहित्य' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण त्यांत फरक करता येतो. वाणीत जे जे उतरले ते सारे वाङ्मय. त्यात सातबारा येतो, वैद्यकाचा ग्रंथ येतो, पंचनामाही येतो. 'साहित्य' हा शब्द 'सहित' वरून आलेला आहे आणि शब्द व अर्थ यांचे सहितपण म्हणजे काव्य, अशी व्याख्या भामह या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या काव्यालंकार या ग्रंथात फार पूर्वी करून ठेवली आहे. हे सहितपण समजायला अवघड वाटते, पण तुमच्या गोष्टीवरून मुलांना ते एका मिनिटात समजले. पंचनाम्यात 'फळे गळून पडली' च्या जागी 'फळगळ झाली' असे लिहिले तर काहीही बिघडत नाही. पण त्या म्हाताऱ्याने 'कोणती' च्या जागी 'किती' म्हटले असते तर? "साहेब, यातली किती लिहिली?" हा साधा हिशेबाचा प्रश्न झाला असता आणि तुम्ही आकडा सांगून बैलगाडीकडे वळला असता. 'कोणती' या शब्दाने प्रत्येक फळ वेगळे झाले, त्याला जणू चेहरा आला. जिथे शब्द हलवला की अर्थही हलतो, तिथे शब्द आणि अर्थ सहित आहेत.

याचीच पुढची पायरी म्हणजे शब्दशक्ती. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा, जसे आपण 'अख्खे गाव जमले' म्हणतो आणि गाव म्हणजे माणसे असे समजतो. आणि सरळ अर्थ जागेवर असतानाच त्याच्या पलीकडचे काही सुचवणारी ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात या सुचवलेल्या अर्थाला, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटले. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा सरळ अर्थ मोजणीचा आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातून ऐकू येते ते असे की, जन्माचे कष्ट तुमच्या रकान्यात मावले का. पंचनाम्याला ही व्यंजना चालत नाही आणि चालूही नये, कारण एका वाक्याचे दोन अर्थ निघाले तर शेतकऱ्याची भरपाई अडकते. पंचनामा हे कमी प्रतीचे लेखन नाही. त्याचे काम वेगळे आहे आणि ते काम तुम्ही चोख केलेत.

आता ती गोष्ट. वहीतल्या मुलाने लिहिलेले पाचही घटक तिच्यात आहेत, तरी त्या घटकांनी गोष्ट होत नाही, हा तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गोष्ट झाली ती निवडीने. दिवसभरात तुम्ही कितीतरी बागा पाहिल्या असतील, त्यातली एकच घेतलीत; वाटेतला चिखल, चहा, पंचांची कुरकुर वगळलीत; आणि प्रश्नापाशी थांबलात. तुम्ही काय उत्तर दिलेत ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. कथेची एकाग्रता म्हणतात ती हीच. दुसरी गोष्ट निवेदकाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ही कथा सांगणारा 'मी' स्वतः नोंद करणारा सरकारी माणूस आहे, म्हणून तो प्रश्न त्याला लागतो. हीच हकिगत शेजारच्या शेतकऱ्याने सांगितली असती तर घटना तीच राहिली असती, म्हाताऱ्याची दयाही आली असती, पण प्रश्न कोणाच्या जिव्हारी लागला ते हरवले असते. कोण सांगतो यावर काय सांगितले जाते हे ठरते, एवढे जरी मुलांच्या मनात उतरले तरी माझे वर्ष सार्थकी लागेल.

कथा लांबवली की कादंबरी होते, असे तुम्ही एकदा म्हणाला होतात. तसे होत नाही. या प्रसंगाची कादंबरी करायची तर म्हाताऱ्याने ती बाग लावली ते वर्ष घ्यावे लागेल, विहिरीचे पाणी खाली गेलेले उन्हाळे, सोसायटीचे कर्ज, हिंगण्याच्या कारखान्यात कामाला लागलेला मुलगा, त्याला परत यावेसे वाटणे आणि न येणे, हे सारे घ्यावे लागेल. म्हणजे काळ स्वतःच कादंबरीचा विषय होतो आणि लांबी त्यातून आपोआप येते. गारपीट तिथे एखाद्या प्रकरणापुरतीच राहील. बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे 'कादंबरी' हे नाव मराठीने या सबंध प्रकारालाच देऊन टाकले, हे मला नेहमी सुंदर वाटते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींची यमुनापर्यटन ही १८५७ सालची कृती सांगितली जाते आणि तिच्यातही विधवांचे दुःख दाखवायला लेखकाला नायिकेला गावोगाव फिरवावे लागले आहे.

आई, तुझ्या ओवीकडे येते. त्या दोन ओळींत तलाठी नाही, प्रश्नही नाही. संत्र्यांचे नावसुद्धा नाही. फक्त 'सोनं' म्हटले आहे. ज्याची तुलना करायची ते उपमेय बाजूला सारून नुसते उपमान ठेवायचे, याला आलंकारिकांनी रूपकातिशयोक्ती असे भारदस्त नाव दिले आहे आणि तू ते डाळ भरडता भरडता केलेस. बाबांच्या गोष्टीतला म्हातारा एका बागेतला होता. तुझ्या ओवीतला म्हातारा कोणाचाही बाप आहे. कविता असे करते: ती तपशील सोडते आणि भाव धरते. शिवाय तुझ्या ओवीची लय कागदावर ठरलेली नाही. खुंटा तुझ्यापासून दूर जातो तेव्हा अर्धी ओळ आणि परत येतो तेव्हा अर्धी, हे मी तुझ्या शेजारी बसून कितीदा पाहिले आहे. म्हणून जात्यावरच्या ओवीत अक्षरे कमीजास्त झाली तरी अडत नाही, आवाज त्यांना ओढून-आवरून घेतो. ज्ञानेश्वरीतली ग्रंथातली ओवी याच घराण्यातली. तिच्यात साधारणपणे पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड. अभंगात मोजणी आणखी पक्की होते. तू सकाळी म्हणतेस ते तुकोबांचे 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' बोटांवर मोजून बघ: सहा, सहा, सहा आणि चार. आणि आपल्या रामटेकचा डोंगर ज्या मेघदूतातला रामगिरी मानतात, त्याची मंदाक्रांता ही वृत्ताची चाल तर प्रत्येक चरणात सतरा अक्षरे आणि त्यांचे लघु-गुरूही ठरलेले, इतकी शिस्तीची. मुले वृत्तांना घाबरतात, कारण त्यांना आधी नियम सांगितला जातो आणि चाल नंतर, किंवा कधीच नाही. पुढच्या आठवड्यात मी आधी चाल ऐकवणार आहे.

नाटकाबद्दल मी थोडेच लिहिते, कारण ते तुम्हा दोघांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. लाखांदूरकडे मामांच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री झाडीपट्टीचे (पूर्व विदर्भातल्या रंगभूमीचे) नाटक लागले होते आणि बाबा, तुम्ही रंगमंचावरच्या एका बापासाठी उपरण्याने डोळे पुसत होतात. खऱ्या बागेत तुमच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तिथे तुम्हाला मोजणी करायची होती. नाटकात सहसा निवेदक नसतो, माणसे समोरासमोर असतात आणि जे दिसत नाही, ऐकू येत नाही ते तिथे नसतेच. पण तुमच्या अश्रूंचे कारण भरताने नाट्यशास्त्रात सांगितले आहे. आपल्या आयुष्यातला शोक हा भाव असतो; कलेतून आस्वादाला आला की त्याचा करुण रस होतो. भरताने आठ रस मानले, शांत हा नववा नंतर जोडला गेला. पुढे भट्टनायक या काव्यशास्त्रकाराने साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगमंचावरचे दुःख ना त्या नटाचे राहते ना केवळ माझे, म्हणून ते टाळावेसे वाटत नाही आणि त्यात मनापासून शिरता येते.

एक प्रकार मात्र मी मुद्दाम मागे ठेवला. या सबंध प्रसंगात बोलले कोण? तलाठी बोलला, तलाठ्याची बायको बोलली, आता तलाठ्याची मुलगी लिहिते आहे. म्हातारा एकच वाक्य बोलला. त्यानेच सगळे लिहिले असते तर ते आत्मकथन झाले असते. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ होती, पण १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्याच्या आगेमागे दलित लेखकांनी जे लिहिले, त्यासाठी 'आत्मकथन' हा शब्द रूढ झाला, कारण त्यातला 'मी' आपल्या यशाचा आलेख काढत नाही, वाड्यावस्तीसकट आणि समाजासकट बोलतो. आपल्या नागपुरात १९५६ साली दीक्षाभूमीवर जे घडले, त्यातून आलेली ही वाणी आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आज्या-आजोबांनी तो दिवस पाहिला आहे. आतापर्यंत ज्याच्याविषयी लिहिले जात होते तो स्वतः लिहू लागला की साहित्यप्रकारच नवा होतो, हे मला त्या मुलांसमोर उभे राहून शिकवावे लागत नाही, त्यांच्याकडून ऐकायला मिळते.

ललित लेख, प्रवासवर्णन यांविषयी पुन्हा कधी. चरित्राचे मात्र एक सांगते, कारण ते तुम्हाला आवडेल. आपल्यापासून फार दूर नसलेल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांना गाठून विचारले आणि एकाच लीळेविषयी, म्हणजे स्वामींच्या एकाच प्रसंगाविषयी, दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर त्याही नोंदवल्या. साक्षीदार गाठण्याची तुमची शिस्त तिथे आहे आणि जेवतानाच्या तुमच्या गोष्टीतले बोलणेही तिथे आहे. पंचनामा लिहिणारा हात आणि गोष्ट सांगणारे तोंड एकाच माणसाचे असू शकते, याचा इतका जुना पुरावा आपल्या विदर्भातच आहे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आई, तुझ्या ओव्या मला तुझ्याच आवाजात, जाते फिरत असताना मोबाइलवर भरून घ्यायच्या आहेत. जात्याला टाकी लावावी लागेल, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खडबडीत करावा लागेल, तर मी माणूस बघते. बाबा, तुम्ही त्या दुपारची हकिगत तुमच्या हाताने लिहावी, 'सदर' आणि 'समक्ष' हे शब्द न घालता, जशी जेवताना सांगितलीत तशी. दुसऱ्या शनिवारी मला सुटी आहे, सकाळच्या एसटीने येते आणि येताना कोरी वही आणते.

आणखी एक. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने म्हाताऱ्याचे नाव विचारले आणि मला सांगता आले नाही. तुम्ही ते आम्हाला कधी सांगितले नाहीत, ओवीतही ते नाही. पंचनाम्यात ते नक्की असणार, बापाच्या नावासकट. तुम्हाला आठवत असेल तर शनिवारपर्यंत वाट न पाहता कळवा.

तुमची,
धाकटी