सूचना : मुलांचे फोटो आणि नोंदी ग्रुपवर टाकण्याबाबत

सर्व सेविका आणि मदतनीस ताईंना नमस्कार.

परवा ग्रुपवर एक फोटो आला. वजनकाट्याच्या झोळीत बसलेलं बाळ, अंगावर फक्त लंगोट, आणि खाली नावासकट 'लाल श्रेणी', म्हणजे वजन फारच कमी. हेतू कामाची नोंद दाखवण्याचा होता, हे मला माहीत आहे. पण तासाभरात तो फोटो गावातल्या दुसऱ्या ग्रुपवर फिरला, आणि दुसऱ्या दिवशी बाळाची आई अंगणवाडीत आलीच नाही. घरी जाऊन समजूत काढावी लागली.

आजपासून मुलाचं नाव, चेहरा, वजन, दंडघेर (दंडाच्या मध्यभागाचं माप) यातलं काहीही ग्रुपवर नको. नोंदीची जागा पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आणि आपलं रजिस्टर. दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला (ही तीव्र कुपोषणाची खूण) तर आईला बाजूला बसवून हळू आवाजात सांगा, बाकीच्या बायकांसमोर नको, आणि पर्यवेक्षिकांना थेट फोन करा. कार्यक्रमाचे फोटो हवेच असतील तर पालकांना विचारून, मुलं पाठमोरी असताना काढा.

एका बाबतीत मात्र गप्प राहायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायदा, २०१२ नुसार बंधनकारक आहे. घरातलं प्रकरण आहे म्हणून थांबू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका.

जुने फोटो मी ग्रुपवरून काढले आहेत. आपापल्या फोनमधूनही आजच काढा.