अपील दाखल, पण ऐकणार कोण?

महोदय,

अमेरिकेच्या आयातशुल्काची बातमी आली की ‘जागतिक व्यापार संघटना आता संपली’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. संघटना संपलेली नाही. जिनिव्हात, तिच्या मुख्यालयी, तक्रारी दाखल होतात, पहिला निवाडा करणारी पॅनल निकालही देतात. बंद पडले आहे ते अपील मंडळ, आणि त्याचा सर्वात जवळचा दाखला आपल्या उसाचा आहे.

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार केली. 14 डिसेंबर 2021 रोजी पॅनलने निकाल दिला : 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार मर्यादेबाहेर गेला, साखरेचे निर्यात अनुदानही नियमबाह्य, ते 120 दिवसांत मागे घ्या. एफआरपी (सरकारने ठरवून दिलेला उसाचा किमान दर) कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून दमडी जात नाही, हा भारताचा बचाव पॅनलने मानला नाही. दर सरकारने बांधून दिला की तो आधारच, पैसे कोणीही मोजोत.

हिशेबाची रीत संघटनेच्या कृषी करारातच लिहिलेली आहे. सरकारने ठरवलेल्या दरातून 1986-88 चा गोठवलेला संदर्भ दर वजा करायचा आणि येणाऱ्या फरकाला पात्र उत्पादनाने गुणायचे. भारतासाठी हा आकडा त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या आत हवा. 2018-19 ची एफआरपी 10 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 275 रुपये होती. तिच्यातून तीस वर्षांपूर्वीचा दर वजा केला तर उरतो तो बराचसा महागाईचाच आकडा! अवाजवी महागाईचा विचार व्हावा असे करारात एक कलम आहे. तो कसा आणि किती, हे मात्र त्यात नाही. शिवाय संघटनेच्या 2013 च्या बाली परिषदेत सरकारी धान्यसाठ्याला मिळालेले कवच उसाला लागू नाही, कारण सरकार ऊस विकत घेऊन साठवत नाही. म्हणजे जो आपला बचाव, तोच इथे आडवा येतो.

24 डिसेंबर 2021 रोजी भारताने अपील केले. अपील मंडळावर सात सदस्य असायला हवेत आणि प्रत्येक अपील तिघांनी ऐकायचे असते. नेमणुकीला मात्र एकाही देशाचा विरोध चालत नाही. 2017 पासून अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या. डिसेंबर 2019 मध्ये भारताच्या उजलसिंग भाटियांसह दोघांची मुदत संपली आणि एकच सदस्य उरला. पुढच्या नोव्हेंबरात तोही गेला. अपील प्रलंबित असेपर्यंत पॅनलचा निकाल स्वीकृत होत नाही, आणि स्वीकृत निकालाशिवाय जिंकलेल्या देशाला बदल्याचे शुल्क लावायची परवानगी मिळत नाही. त्यामुळे हरलेल्याने अपील करायचे आणि स्वस्थ बसायचे, अशी सोय झाली आहे. मंडळ 90 दिवसांची मुदत पाळत नाही, मुदत संपलेले सदस्य खटले चालवत राहतात, या अमेरिकेच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण त्यांवर उपाय सुचवणारा मसुदा 2019 मध्ये तयार झाला तेव्हा अमेरिकेने तोही नाकारला.

आपल्याकडे या सोयीबद्दल समाधान दिसते, ते मला पटत नाही. अमेरिकी राज्यांच्या अपारंपरिक ऊर्जा अनुदानांविरुद्ध भारत जून 2019 मध्ये जिंकला होता. अमेरिकेने ऑगस्टमध्ये अपील केले आणि निकाल लटकला. जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी सहा तंटे आपसात मिटवले, त्यात हाही गेला. त्याच तडजोडीत भारताने अमेरिकी सफरचंद, अक्रोड, हरभरा व मसूर यांवरचे जादा शुल्क काढले. निवाडा नसला की अशी देवघेवच होते, आणि तिच्यात थोरल्याचे पारडे जड असते.

साखरेचा प्रश्नही मिटलेला नाही. 2019-20 मध्ये निर्यातीला टनामागे 10,448 रुपये, पुढच्या हंगामात 6,000 आणि नंतर 4,000 रुपये अनुदान होते. 2021-22 मध्ये जागतिक भाव चढे असल्याने अनुदानाविनाच विक्रमी निर्यात झाली (याचे श्रेय जिनिव्हाला देण्याचे कारण नाही). भाव पडून गोदामे भरली की अनुदानाची मागणी पुन्हा येईल. पण विकसनशील देशांना वाहतूक व विपणन खर्चासाठी असलेली सवलत, नैरोबी परिषदेत ठरल्याप्रमाणे, 2023 अखेर संपली आहे. त्या नावाखालीही आता पैसे देता येणार नाहीत, हे कारखानदारांच्या संघटनांनी आताच लक्षात घ्यावे.

एप्रिल 2020 मध्ये युरोपीय संघासह काही देशांनी लवादाची हंगामी अपील व्यवस्था उभी केली. आपल्याविरुद्धचे तिन्ही तक्रारदार तिच्यात आहेत, भारत नाही. तिच्यात गेल्याने साखरेचे जुने प्रकरण आपोआप तिकडे जाणार नाही. पुढच्या तंट्यांसाठी मात्र भारताने हा पर्याय तपासायला हवा. दुसरे काम तर कोणाच्याही संमतीवाचून होण्याजोगे आहे. 1995-96 नंतर उसाच्या आधाराची माहिती भारताने संघटनेला कळवलीच नाही, हाही ठपका त्याच निकालात आहे. ते आकडे दिल्लीने आपल्या हिशेबाने, महागाई धरून, स्वतःहून सादर करावेत. नाहीतर पुढच्या वेळीही तक्रारदारांचेच आकडे टेबलावर असतील.

– एक वाचक, सांगली